पुण्यात घराचा भाव पडत नाही, थांबतो

पुण्यात घर घ्यायचं म्हणणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘आत्ताच घ्या, पुढच्या वर्षी परवडणार नाही’ असा. त्याच दिवशी, कदाचित त्याच माणसाकडून, घर विकू पाहणाऱ्याला सांगितलं जातं, ‘घाई करू नका, भाव अजून चढेल.’ दोन्ही सल्ले एकाच समजुतीवर उभे आहेत, की जागेचा भाव वर जातो, खाली येत नाही. ही समजूत अगदीच निराधार नाही. बाणेर, खराडी किंवा कोथरूडमध्ये राहत्या घरांचे भाव धाडकन कोसळले असं निदान गेल्या पंचवीस वर्षांत पाहायला मिळालेलं नाही. पण न कोसळणं आणि वाढत राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुण्याच्या बाजारात मंदी येते ती आकडा खाली आणून नव्हे, आकडा गोठवून. थांबलेल्या भावाचं नुकसान कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं आणि ते वर्षांत मोजावं लागतं. म्हणून घर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही चौरस फुटाच्या दराआधी स्वतःच्या हातातली वर्षं मोजावीत, असं मला वाटतं.

पुराव्यासाठी फार मागे जायला नको. २००३ ते २०१३ या दशकात हिंजवडी आणि खराडीच्या आयटी नोकऱ्यांनी पुण्याचा बाजार उचलून धरला होता. २०१४ च्या सुमाराला तो वेग संपला. पुढे एकामागून एक धक्के बसले : नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, मे २०१७ पासून रेरा हा बांधकाम व्यवसायाच्या नियमनाचा कायदा, जुलै २०१७ मध्ये जीएसटी, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी बुडाल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांची झालेली कोंडी आणि २०२० ची टाळेबंदी. या सहा-सात वर्षांत शहराच्या बऱ्याच भागांत दर जवळपास जागच्या जागी राहिले. आता साधं गणित करू. समजा, २०१४ मध्ये ६० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२० मध्येही ६० लाखांनाच जात होता आणि महागाई दर वर्षी पाच टक्के धरली. मग सहा वर्षांनंतरच्या त्या ६० लाखांची खरेदीशक्ती २०१४ च्या सुमारे ४५ लाखांएवढी उरते. म्हणजे घर पाव हिश्शाने स्वस्त झालं आणि कोणालाच ते दिसलं नाही. वर्तमानपत्रात मथळा आला नाही, सोसायटीच्या सभेत कुणी हळहळलं नाही. शेअर बाजार एका दिवसात पाच टक्के पडला तर घराघरात चर्चा होते. घर सहा वर्षांत पंचवीस टक्के उतरलं तरी घरमालक ‘आपलं नुकसान काहीच नाही’ म्हणून निवांत असतो.

उघडपणे भाव का उतरत नाही, हे समजून घेतलं की बाजारातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. एखाद्या प्रकल्पात शंभर घरं विकली गेलेली असताना बिल्डरने दर दहा टक्क्यांनी कमी केला, तर ते शंभर जण दुसऱ्याच दिवशी त्याच्या कचेरीत येऊन बसतील. ज्या बँकेने त्याला प्रकल्पासाठी कर्ज दिलं आहे तिच्या हिशोबात तारणाचं मूल्य घटेल. त्यामुळे जाहीर दराला हात न लावता सवलत आडमार्गाने दिली जाते. मुद्रांक शुल्क आमच्याकडे, जीएसटी आम्ही भरू, मॉड्युलर किचन मोफत, वरच्या मजल्याचा जादा आकार माफ, पार्किंगचे पैसे नकोत. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ ही योजनाही याच जातीची. तिच्यात कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावावर असतं आणि बिल्डरने व्याज भरायचं थांबवलं की बँक ग्राहकाच्याच दारात येते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं ते उगाच नव्हे. आकड्याला खालून आणखी एक टेकू आहे, तो रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांच्या तक्त्याचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. शिवाय रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली व्यवहार झाला, तर आयकर खातं मधला फरक घेणारा आणि विकणारा या दोघांच्याही उत्पन्नात धरू शकतं. त्यामुळे ज्या भागात रेकनर बाजाराच्या पुढे धावतो तिथे खऱ्या भावाने विकणंच अडचणीचं होऊन बसतं आणि घरं पडून राहतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. सर्वाधिक रिकाम्या घरांच्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. टंचाई आणि रिकामी घरं एकाच शहरात सुखाने नांदू शकतात, कारण रिकामं घर धरून ठेवणाऱ्याला ते रोज झिजतंय असं वाटतच नाही.

मग २०२० नंतर चित्र पालटलं. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी उतरवलं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून दोन वर्षं चार टक्क्यांवर होता. घरातूनच काम करायची वेळ आलेल्यांना एक खोली जास्त हवी झाली. साचून राहिलेली मागणी एकदम बाहेर पडली आणि थांबलेला भाव हलला. पण ज्या स्वस्त कर्जाने ही तेजी आणली तेच कर्ज मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात अडीच टक्क्यांनी महागलं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असल्यामुळे ही वाढ थेट ग्राहकापर्यंत पोचली. वीस वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांचा हप्ता ३८ हजारांच्या आसपास बसतो. दोन वर्षांनी दर सव्वानऊ झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर उरलेली १८ वर्षं पस्तीसच्याही पुढे जातात. बँकेने मुदत वाढवली की माणसाला वाटतं, बरं झालं, हप्ता वाढला नाही. निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं त्याने गहाण टाकलेली असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. तरीही विचारणा होईल याची वाट न पाहता आपणच लेखी कळवलेलं बरं.

२०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून टप्प्याटप्प्याने सव्वापाचवर आला. तेवढ्याने बाजार पुन्हा उसळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुण्याच्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सल्लागार संस्थांपैकी काहींच्या अहवालांत त्या वर्षी विकल्या गेलेल्या घरांची संख्या घटलेली दिसते. किती घटली यावर त्यांचं एकमत नाही, कारण कुणी नोंदणी मोजतं, कुणी बुकिंग, कुणी शहराची हद्द वेगळी धरतं. एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचं एकमत आहे : जी घरं विकली जाताहेत ती मोठी आणि महाग आहेत. वाकड, ताथवडे, पुनावळे भागात वन बीएचके बांधणारा बिल्डर आता शोधावा लागतो. सरासरी दर वाढलेला दिसतो त्यात हा बदल मिसळलेला असतो. महागडी घरं जास्त विकली गेली की सरासरी आपोआप वर जाते, तुमच्या दोन खोल्यांना कुणी जास्त पैसे देऊ केलेले नसतात. एप्रिल २०२५ मध्ये तीन वर्षांनंतर रेकनरचे दरही राज्यात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढले. संख्या घटते आहे, आकडा चढलेला आहे आणि सवलतींच्या जाहिराती परतल्या आहेत. २०१४ साल ज्यांना आठवतं त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढची पाच वर्षं तशीच जातील असं भाकीत मी करणार नाही. मात्र भाव वाढेलच असं धरून केलेला हिशोब या घडीला फार धोक्याचा आहे.

मग भाववाढ गृहीत न धरता हिशोब कसा करायचा? पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घेऊ. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी शुल्क ३० हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे ४ लाख. एकूण ९ लाख ९० हजार रुपये पहिल्याच टप्प्यात असे जातात, की ज्यातून भिंतीला एक वीटही जास्त लागत नाही. उद्या हेच घर विकायला काढलं तर घेणारा त्यातला एक रुपया देणार नाही. भाव दर वर्षी चार टक्क्यांनी वाढत गेला तरी ८० चे ९० लाख व्हायला तीन वर्षं लागतात, आणि तोवर तुम्ही फक्त मूळ पदावर आलेले असता. व्याज, मेंटेनन्स, एजंटची दलाली अजून हिशोबात धरलेलीच नाही. रोख रकमेची गरजही लोक कमी धरतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज ६४ लाख आणि खिशातून २५ ते २६ लाख. ज्याच्याकडे सोळाच लाख आहेत तो उरलेल्यासाठी वैयक्तिक कर्ज काढतो, आणि घराचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच दुसरा हप्ता सुरू होतो. तयार घरावर, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत, जीएसटी लागत नाही. ४५ लाखांपर्यंतच्या लहान घरावर तो एकच टक्का आहे, आणि या नियमात पुणे महानगर धरलेलं नसल्यामुळे क्षेत्रफळाची मर्यादा इथे मुंबईसारखी ६० चौरस मीटर नसून ९० आहे. पण ४५ लाखांत ९० चौरस मीटर आज शहरात देणार कोण, हा भाग वेगळा.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की घर म्हणजे काही मुदत ठेव नव्हे. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांनी मालक काय म्हणेल या धास्तीत किती वर्षं राहायचं, मुलांच्या शाळा किती वेळा बदलायच्या? आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ६४ लाखांच्या कर्जाचा आठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेत्रेपन्न हजारांच्या आसपास येतो. त्यातले पहिल्या महिन्यात जवळजवळ ४३ हजार नुसतं व्याज असतं. तेवढ्याच घराचं भाडं पुण्यात साधारण बावीस ते पंचवीस हजार असतं, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ‘भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा’ असं म्हणणाऱ्यांनी व्याजाचे हे ४३ हजारही कुठे जातात ते पाहावं. तरीसुद्धा ज्याला त्याच घरात दहा-बारा वर्षं राहायचं आहे, ज्याची नोकरी शहरात स्थिर आहे, त्याने घर घ्यावं. स्थैर्याला किंमत असते आणि ती द्यायला हरकत नाही. दहा वर्षांत प्रवेशखर्च पसरला जातो, मुद्दल फिटत जातं, मधली चार वर्षं भाव थांबला तरी त्याला कुठे विकायचं आहे? अडचण येते ती तीन वर्षांत परदेशी किंवा बंगळूरला जाण्याची शक्यता असूनही ‘निदान गुंतवणूक होईल’ म्हणून घेणाऱ्याची, आणि त्याहून जास्त दुसरं घर भाड्याच्या भरवशावर घेणाऱ्याची. साडेतीन टक्के भाड्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, दर दोन-तीन वर्षांची रंगरंगोटी आणि भाडेकरू नसलेले महिने वजा केले, की हातात दोन-सव्वादोन टक्के उरतात आणि कर्जावर तो आठ टक्के भरत असतो. मधल्या सहा टक्क्यांची भरपाई भाववाढीनेच व्हायला हवी, आणि तीही दर वर्षी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहर वाढतंय, जमीन तेवढीच आहे, मग भाव थांबेल कसा? जमीन तेवढीच असते हे खरं, पण विकली जाते ती जमीन नसून चटईक्षेत्र असतं, आणि ते सरकारी आदेशाने वाढतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्यासाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने पुण्यात एकाच भूखंडावर पूर्वीपेक्षा बरंच जास्त बांधकाम शक्य केलं. बारा मजल्यांच्या जागी पंचवीस-तीस मजले उभे राहू लागले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर पडली, तरी वाघोली, मांजरी, सूस, महाळुंगे, आंबेगाव, नऱ्हे अशा पट्ट्यात बांधकामाला प्रचंड वाव आहे. कोथरूड, सहकारनगर, प्रभात रोडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि एकेका जागी सोळा घरांची चाळीस होताहेत. पुण्यात खरी टंचाई आहे ती पाण्याची आणि रस्त्याची. बांधकाम परवानगी घेताना ‘पालिकेचं पाणी मिळेपर्यंत मी पाणी पुरवीन’ असं हमीपत्र बिल्डर देतो. इमारत सोसायटीच्या हाती गेली की टँकरचं बिल सभासदांच्या मेंटेनन्समध्ये उतरतं. घर पाहताना मॉडेल फ्लॅटमधल्या सोफ्यापेक्षा शेजारच्या, दोन वर्षं जुन्या सोसायटीचं उन्हाळ्यातलं टँकरचं बिल पाहावं. मेट्रोचंही तसंच. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये धावले आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. पण ‘मेट्रोपासून पाच मिनिटांवर’ म्हणून दर आकारला गेला तो पहिल्या दिवसापासून. ज्याने आठ वर्षं आधी ते पैसे मोजले त्याने आठ वर्षांचं व्याजही मोजलं.

‘पण आमच्या साहेबांनी २००४ मध्ये औंधला बारा लाखांत घेतलेल्या फ्लॅटचे आज सव्वा कोटी झाले’ हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येतंच. असे भाग्यवान पुष्कळ आहेत. पण त्यांनी घेतलं तेव्हा घराची किंमत आणि पगार यांचं प्रमाण निराळं होतं, आणि एक संपूर्ण उद्योग शहरात नव्याने उतरत होता. तो योग पुन्हा येणारच नाही असं नाही. दर वर्षी येतो असं मात्र धरू नये. २०१४ मध्ये घेऊन २०२० मध्ये त्याच भावात विकावं लागलेला माणूस त्या चर्चेत गप्प बसलेला असतो, एवढाच फरक.

मग भाव ठरवायचा कशावरून? जाहिरातीवरून नाही, वेबसाइटवरच्या अपेक्षित किमतीवरून नाही आणि एजंटच्या तोंडूनही नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही गाव किंवा विभाग आणि मिळकतीचा क्रमांक देऊन नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला ‘इंडेक्स टू’, पाहता येतो. त्यात क्षेत्रफळ, मोबदल्याची रक्कम आणि तारीख असते. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्षा-दीड वर्षातले पाच-सहा इंडेक्स टू काढले, तर घासाघिशीत अर्धा वेळ वाचेल. कुठल्या महिन्यात किती व्यवहार झाले, दोन व्यवहारांत किती अंतर आहे, हेही त्यावरून कळतं, आणि मला ते दरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. वर्षात एकच फ्लॅट विकला गेलेल्या इमारतीचा ‘चालू दर’ ही अफवा असते. नव्या प्रकल्पासाठी महारेराचं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं, संकेतस्थळ आहे. मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती घरं विकली गेली, हे सगळं बिल्डरला दर तिमाहीला तिथे भरावं लागतं. रेराने दिलेलं संरक्षण खरं आहे : नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, दोन तृतीयांश ग्राहकांच्या संमतीवाचून नकाशा बदलता येत नाही, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातला दोष दुरुस्त करून द्यावा लागतो. पण महारेराचा क्रमांक म्हणजे सरकारने दिलेली हमी, असं समजणाऱ्यांची फसगत होते. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मिळण्याचा आदेश होतो. तो आदेश न पाळणाऱ्याकडून वसुली मात्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि तिथे पुन्हा वर्षं जातात.

विकणाऱ्याची गफलत बहुतेकदा क्षेत्रफळापासून सुरू होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या फ्लॅटचा मालक ‘माझा हजार फुटांचा’ म्हणतो तेव्हा ते सेलेबल क्षेत्र असतं. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा त्यात मिसळलेला. आतून मोजलं तर कार्पेट ७३० च्या आसपास निघतो. तो ८० लाख मागतो तेव्हा त्याच्या डोक्यात दर आठ हजार असतो. शेजारचा नवा प्रकल्प कार्पेटवर साडेअकरा हजार लावतो हे ऐकून आपण फारच स्वस्तात देतोय असं त्याला वाटू लागतं. त्याच्या ८० लाखांना ७३० ने भागलं तर दर येतो जवळपास अकरा हजार. म्हणजे लिफ्ट जुनी, पार्किंग उघड्यावर, आणि किंमत जवळजवळ नव्याचीच. मग घर वर्षभर पडून राहतं. समजा, आज कुणी ७६ लाख देत होतं आणि मालकाने नाकारलं, वर्षाने त्याला हवे तेवढे ८० मिळाले. ७६ लाख सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते, तर वर्षाने ८१ लाख ३२ हजार झाले असते. वर्षभराचा मेंटेनन्स वाचला असता तो वेगळा. शिवाय पुणे महापालिका मिळकतकरात देते ती ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यासाठी आहे, कुलूप लावलेल्या घरासाठी नव्हे. चार लाख जास्त मिळवून तो दीड-दोन लाखांनी मागे राहिला आणि तरी ‘मी माझ्या भावात विकलं’ हे समाधान त्याला आयुष्यभर पुरतं.

कराचंही आधी पाहावं. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना वजावटीसह वीस टक्के हा पर्यायही आहे. भाव थांबलेल्या वर्षांत घेतलेल्यांना दुसरा मार्ग सहसा फायद्याचा पडतो, कारण वजावटीनंतर नफाच उरत नाही. करखात्याच्या सूत्रात तरी थांबलेल्या भावाचा तोटा नोंदला जातो, ही त्यातली गंमत. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारजमा करायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर कपातीचे नियम पूर्ण वेगळे आणि कडक आहेत, आणि अमेरिका-आखातात मुलं असलेल्या पुण्यात हा प्रश्न वारंवार येतो.

रिसेलच्या घरात कागद नीट असतील तर व्यवहार लवकर होतो आणि लवकर होणं हाही पैसाच आहे. म्हणून विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधी पहिल्या मालकापासूनचे सगळे करार, त्यांचे इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र, भोगवटा पत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज फेडलं असल्यास बँकेकडून सोडवून घेतलेली मूळ कागदपत्रं एका फाइलीत लावून ठेवावीत. भोगवटा पत्र नसलेलं घर घेऊच नये असं मी सरसकट म्हणणार नाही, कारण पुण्यात तशा इमारतींत हजारो कुटुंबं राहतात. पण बँक अडते, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकांची संख्या निम्मी होते. त्याची भरपाई आजच्या किमतीतून मागून घ्यावी. हस्तांतरणासाठी सोसायट्या ‘देणगी’ मागतात. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे, आणि देणगीची सक्ती करता येत नाही.

उरतो जुन्या फ्लॅटच्या मालकांचा शेवटचा मुद्दा : ‘आज नाही विकलं तरी पुनर्विकासात दुप्पट होईल.’ होऊ शकतं. पण फ्लॅटची इमारत दर वर्षी जुनी होत असते. वाढतो तो तिच्याखालच्या जमिनीचा वाटा, आणि पुण्यातल्या असंख्य सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. ती सोसायटीच्या नावावर होत नाही तोवर नवा बिल्डर बोलणी करायला येतो आणि मिळकत पत्रिका पाहून परत जातो. पुनर्विकासाच्या आशेवर घर धरून ठेवणाऱ्याने सोसायटीच्या सचिवाला जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न आधी विचारावा, आणि पुनर्विकासाच्या नावाने चढा भाव देऊन जुनं घर घेणाऱ्यानेही. बिल्डरने खरेदीखत करून दिलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सोसायटी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. बिल्डरची सही नसली तरी सुनावणी होऊन आदेश निघतो. अर्जाचं काम कंटाळवाणं आहे, सातबारा, नकाशे, सभासदांच्या करारांच्या प्रती गोळा करताना महिने जातात आणि त्यासाठी सभासदांकडून वर्गणी काढावी लागते. ज्या सोसायटीने हे काम आधीच उरकलेलं आहे तिथल्या फ्लॅटला शेजारच्यापेक्षा दोन-तीन लाख जास्त मागितले तर घेणाऱ्याने फार घासाघीस करू नये.